शुक्रवारचे दहा

बाबा, साखर फॅक्टरीच्या कॉलनीतल्या त्या खोलीत दर शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थनेला आपले दहा पुरुष जमायचे. ते जमेनासे झाले ते माझ्यामुळे. हे मी तुम्हांला कधी सांगितलं नाही. तुम्ही गेलात त्या वयाहून आज मी बरीच मोठी आहे, आणि आडवळणाने लिहायची मला सवय नाही.

ते दहा तुम्ही कसे गोळा केलेत हे मी पाहिलं आहे. अलिबागेकडून तुम्ही एकटेच, फिटर म्हणून, या कोरड्या मुलखात आलात. फॅक्टरीत एखादी जागा निघाली की तुम्ही कोकणात पत्र टाकायचात की आपल्या बेने इस्राएल ज्यूंपैकी कुणी असेल तर पाठवा, बिऱ्हाडासकट पाठवा. टर्नर आला, टाइमकीपर आला, दवाखान्यात कंपाउंडर आला. धर्माप्रमाणे शनिवारी काम करायचं नाही म्हणून सगळ्यांच्या वतीने तुम्ही रविवारच्या पाळ्या मागून घेतल्यात. ऐन गाळपात साहेब कुरकुरायचा, तुम्ही मान खाली घालून ऐकायचात आणि शनिवार सोडायचा नाहीत. सात झाले, आठ झाले, दोन मुलं तेरा वर्षांची होऊन मोजणीत आली आणि दहा भरले. तो शुक्रवार मला आठवतो. आई प्रार्थनेनंतरच्या शरबतासाठी भिजवलेल्या काळ्या मनुका फडक्यातून पिळते आहे, तुम्ही स्वयंपाकघराच्या दारात उभे आहात आणि नुसतं म्हणता, "आज पुरे दहा." आई म्हणाली, "मग पेले कमी पडतील." तुम्ही शेजारच्या पाटलीणबाईंकडून तीन पेले मागून आणलेत. इतक्या आनंदात मी तुम्हांला पुन्हा पाहिलं नाही.

हिब्रू वाचायला तुम्हीच मला शिकवलंत. मुलांच्या आधी शिकवलंत, कारण मी बोट न ठेवता वाचत असे. नंतर मी नगरला कॉलेजात गेले, सुट्टीला घरी येई. एका सुट्टीत शुक्रवारी टाइमकीपर कामावर अडकला. दहा पुरुषांशिवाय प्रार्थना सुरू होईना, नऊजण टोप्या घालून ताटकळत बसलेले. मी दारात उभी होते. म्हटलं, "बाबा, मला सगळं पाठ आहे. मी आहे ना दहावी." कंपाउंडर हसला. तुम्ही हसला नाहीत. म्हणालात, "तू मोजणीत नाहीस. आत जा, आईला मदत कर." धर्माचा नियम तोच होता, तुम्ही तो केलेला नव्हता, हे मला त्याच क्षणी कळत होतं. तरीही मी आत गेले ते दात आवळून.

पुढच्या वर्षी इस्रायलला जायचे अर्ज निघाले. ते इंग्रजीत होते आणि कॉलनीत आपल्यात कॉलेजात गेलेली मी एकटी. माणसं संकोचाने आली. मी कुणाला बोलवायला गेले नव्हते, पण आलेल्या कुणाला परतही पाठवलं नाही. तुम्ही कामावर असताना आईच्या ओट्यावर बसून मी ते अर्ज भरले. आई समोर भाजी चिरत असायची. टर्नरकाका सगळ्यांत आधी आले. पेन हातात धरून बसून राहिले.

"बाय, तुझ्या बापाला माहीत आहे?"

"सही तुमची पाहिजे काका, बाबांची नाही."

"मी गेलो की नऊ उरतात गं. तू सांग, राहू की जाऊ?"

"जा," मी म्हटलं. "तिकडे दहा हजार मिळतील तुम्हांला मोजायला."

त्यांनी सही केली. मी स्वतःला समजावलं की त्यांच्या मुलींचं शिक्षण होईल. शिक्षण झालंही. पण 'जा' म्हणताना माझ्या डोक्यात मुली नव्हत्या, ती खोली होती आणि माझ्या तोंडावर हसलेला कंपाउंडर होता.

त्यानंतर नऊ, मग सहा, मग तीन. तुम्ही कोकणात पत्रं टाकत राहिलात, पण तिकडचीही घरं रिकामी होत होती. अर्ज कुणी भरले हे तुम्ही विचारलं नाहीत. माझं अक्षर तुम्ही ओळखत होतात, त्यामुळे तुम्हांला माहीत नव्हतं असं मानायला मी आजही धजत नाही.

तुम्ही गेलात तेव्हा आपले चौघे पुरुष होते, त्यातले दोघे पुण्याहून आलेले. कद्दिश म्हणायला, तुमच्यामागे म्हणायची ती प्रार्थना म्हणायला, दहा लागतात. कुणीतरी हे दबक्या आवाजात बोललं आणि ते शेजारच्या पाटलांच्या कानावर गेलं. अर्धी फॅक्टरी आणि गावातले शेतकरी कबरीभोवती उभे होते. पाटील पुढे आले.

"ताई, धाच पायजेत न्हवं? आमी हितं चाळीस जन हाय. समद्यांच्या डोक्याव टोप्या हायेत. मोजा की आमाला."

"तसं चालत नाही, मामा."

"न्हाई चालत तर न्हाई. पर म्हातारा आमचा बी हुता." एवढं बोलून ते मागे सरकले.

कुणी मला विचारलं नव्हतं. उत्तर द्यायला पुण्याचे दोघे वडीलधारे होते. त्यांनी कदाचित हेच सांगितलं असतं, पण मायेने सांगितलं असतं. मी मात्र मास्तरणीने वर्गात पोराला गप्प करावं तसं पाटलांना गप्प केलं आणि तुमच्यावर माती पडली ती कद्दिशशिवाय. इतकी वर्षं मी म्हणत आले की मी नियम पाळला.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी मी पाठवलं नसतं. एकच सांगते. त्या दिवशी कोण मोजणीत नाही हे मी ठरवत होते, आणि चाळीस जणांना 'नाही' म्हणताना, बाबा, मला क्षणभर बरं वाटलं होतं.