पर्यायाला मुंग्या लागत नाहीत

४ फेब्रुवारी

चि. मुंगीस अ. उ. आ.

पत्रास कारण की, तुझ्या ज्ञातिबांधवांविरुद्ध मला रीतसर तक्रार नोंदवायची आहे. लहानपणी साखरेच्या डब्यात हात घालताना तू सापडलीस आणि तुझं नाव मुंगी पडलं, तेव्हापासून त्या समस्त जमातीची जबाबदारी तुझ्याकडे आहे असं मी धरून चालतो. तर विषय असा की, गेल्या खेपेला तू तुझ्या प्रयोगशाळेतून साखरेच्या पर्यायाचा जो डबा आणून दिलास, त्यावर काल सकाळी शिस्तबद्ध रांगेने स्वारी झाली. मी झाकण घट्ट लावतो. डब्यावर लाल शाईने ‘केवळ मधुमेही व्यक्तीसाठी’ असं ठळक लिहिलं आहे. तरीही ही अवस्था. एक तर या मुंग्या निरक्षर असाव्यात, किंवा सगळ्याच्या सगळ्या मधुमेही. तिसरा पक्ष मला सुचत नाही.

बाकी पर्यायाशी माझं आता जमलं आहे. सुरुवातीला त्याचा चहा जिभेला गार लागायचा. कप पोळतोय आणि जीभ थंड, असा विरोधाभास अलंकार. हल्ली तसं वाटत नाही. तुझी वहिनी म्हणते, माणूस कशालाही रुळतो. हे ती चहाबद्दल म्हणाली की माझ्याबद्दल, ते मी विचारलं नाही.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांनी मला घाबरवायला एक कात्रण आणलं होतं. पर्याय खाणाऱ्यांत हृदयविकार जास्त आढळतो म्हणे. मी म्हटलं, छत्रीवाले जास्त भिजलेले दिसतात म्हणून छत्रीने पाऊस पडतो असं ठरत नाही. पर्याय खातो कोण, तर ज्याला डॉक्टरने आधीच दम दिलाय तो. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली, याला आम्ही संस्कृत शिकवणारे काकतालीय न्याय म्हणतो. त्यावर सरांनी विचारलं की मग खरं कळायचं कसं, आणि मी तुझं नाव सांगून सुटलो. धडधाकट माणसं घ्यायची, चिठ्ठ्या टाकून निम्म्यांना साखर आणि निम्म्यांना पर्याय द्यायचा, कुणाला काय मिळतंय हे त्यांना कळू द्यायचं नाही, आणि मग रक्त तपासायचं. पुढच्या महिन्यात माझी बहीण हे सगळं मोठ्या सभेत मांडणार आहे, हेही मी न विचारता सांगितलं.

माझी साखर ठीक आहे. फोन करू नकोस. फोनवर तू उपदेश करतेस, पत्रात निदान विचार करतेस.

माया पातळ होऊ देऊ नये, ही विनंती.

तुझा,
दादा

८ फेब्रुवारी

ती. दादास कृ. सा. न. वि. वि.

तुझं पत्र जेवणाच्या सुट्टीत वाचायला घेतलं आणि हसता हसता थांबले. दादा, पर्यायाला मुंग्या लागत नाहीत.

पिंपं आली तेव्हा आमच्या कोठारात शेजारी शेजारी ठेवली होती, एकात साखर, एकात पर्याय. साखरेच्या पिंपापाशी मुंग्यांचा राजरस्ता. पर्यायाचे दाणे जमिनीवर सांडले तरी त्या वळसा घालून जायच्या. आपल्या जिभेला तो गोड लागतो, पण मुंगीच्या पोटाला त्यात काही मिळत नसावं. तुझा डबा मी स्वतः पर्यायाच्या पिंपातून भरला होता. मग मुंग्या आल्या कशा?

मला एकच उत्तर दिसतंय. दोन्हींचे दाणे दिसायला सारखे. कोठारात पिंपं तपासली होती, पण पुढे पॅकिंगच्या खोलीत नेल्यावर त्यांच्यावर नव्या चिठ्ठ्या मी लावल्या. त्या उलट्या लागल्या असतील तर तुझ्या डब्यासकट सगळ्या पुड्या उलट्या भरल्या गेल्या. आमच्या आकड्यांत असं दिसतंय की पर्यायवाल्यांच्या रक्तात गुठळी व्हायची घाई साखरवाल्यांपेक्षा थोडी कमीच आहे. चिठ्ठ्या उलट्या असतील तर निष्कर्षही उलटा. जे निर्धास्त घ्या म्हणून मी सभेत उभी राहून सांगणार होते, तेच धोक्याचं ठरेल. आणि लोक माझ्या शब्दावर ते रोज चहात घालतील.

पिंपं केव्हाच संपली. नमुन्याच्या सीलबंद पुड्या कपाटात आहेत, पण ते सील समितीसमोरच फोडता येतं आणि समिती पंधरवड्याने बसते. मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या प्रमुखांना, मी दुपारीच जाऊन सांगितलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि भाषण रद्द झाल्याचं कळवून टाक, एवढंच म्हणाल्या. घरी येऊन मी पिंपांचा तो दिवस आठवायचा प्रयत्न केला. पंखा चालू होता आणि चिठ्ठी उडत होती, एवढंच आठवतं. कुठली चिठ्ठी, ते नाही.

डब्यातला चमचाभर नमुना कोरड्या बाटलीत घालून लगेच पाठव. डबा बंद. आणि उपाशीपोटीची साखर किती आली ते ‘ठीक आहे’ अशा शब्दांत नको, आकड्यात सांग.

वहिनीला नमस्कार. तुमच्या दोघांच्या आधारावर उभी असलेली,
मुंगी

१२ फेब्रुवारी

चि. मुंगीस अ. उ. आ.

सोबत बाटली पाठवली आहे. पोस्टातल्या बाईंनी आत काय म्हणून विचारलं. तेच तर विचारायला पाठवतोय, असं मी म्हणालो. त्यांना ते आवडलं नाही.

आता आकडा. एकशे ऐंशीच्या वर. तीन महिन्यांपूर्वी एवढा नव्हता. डॉक्टर म्हणाले, महिनाअखेरीस पुन्हा बघू, खाली आला नाही तर इंजेक्शन सुरू करू. हे तुझ्या वहिनीला सांगितलेलं नाही. तुझं पत्र तिला वाचून दाखवलं, पण आकडा विचारणारं वाक्य वाचताना मला खोकला आला.

खरं सांगायचं तर तुझं पत्र वाचून आधी मला आनंद झाला. डब्यात साखरच होती म्हटल्यावर गुन्हेगार सापडला, आणि तो माझा देह नव्हता. मी उठून खोलीत एक फेरी मारली. मग डोक्यात प्रकाश पडला की मी सुटायचं तर तू अडकायला हवीस. असली सुटका मला नको. त्यापेक्षा इंजेक्शन बरं.

पण तू घाई करते आहेस. धुरावरून आग आहे म्हणण्याआधी तो धूरच आहे ना, धुकं नाही ना, हे पाहायचं असतं. पिंपापासून माझ्या कपापर्यंत डब्याने मोठा प्रवास केला आहे. म्हणून मी घरात चौकशी आरंभली. तुझ्या वहिनीला विचारलं, डब्याला कुणी हात लावला का. ती म्हणाली, या घरात डब्यांना हात लावणारी ती एकटीच आहे, आणि मला तर मीठ कुठल्या डब्यात असतं तेही ठाऊक नाही. उत्तर शंभर टक्के खरं होतं, फक्त माझ्या प्रश्नाचं नव्हतं. तेव्हापासून तिने स्वयंपाकघरातली सगळी फडताळं रिकामी करून पुसायला काढली आहेत. जेवण वेळेवर मिळतं, बोलणं मिळत नाही.

चिठ्ठी उडाली असेल, तरी उडालेली चिठ्ठी जागेवर लावणारी तू आहेस. तुझ्या हाताला मी ओळखतो.

तुझ्यावरचा भरवसा अबाधित ठेवून,
दादा

१४ फेब्रुवारी

चि. मुंगीस आशीर्वाद.

मला पत्र लिहायची सवय नाही, तेव्हा आडवळण न घेता सांगते. तुझ्या पिंपांना काही झालेलं नाही. डब्यात साखर मी घातली.

तो पर्यायाचा चहा ह्यांना आवडत नव्हता. तोंडाने बोलत नव्हते, पण संध्याकाळी आम्ही गॅलरीत बसतो तिथे अर्धा कप टाकून उठायला लागले. उठले की आत जाऊन वह्या तपासत बसायचे. लेक शिकायला बाहेर गेल्यापासून दिवसभरात बोलणं व्हायचं ते त्याच वेळी. डबा अर्ध्यावर आला तेव्हा मी मूठभर साखर मिसळली. त्या दिवशी कप संपला आणि शाळेतल्या गमती ऐकायला मिळाल्या. मग पुन्हा मिसळली. पुढे प्रमाण वाढत गेलं. हे वर मला सांगायचे की मुंगीच्या पर्यायाला मी रुळलो.

थोड्याने काय होतंय असं वाटलं. साखर ठीक आहे असं हेच सांगत होते. तुझं पत्र वाचून दाखवताना ह्यांना खोकला आला, तो मला खरा वाटला नाही, म्हणून मी ते नंतर स्वतः वाचलं. आकडा किती आहे ते तू मला खरा सांग. ह्यांनी माझ्यापासून आकडा लपवला आणि मी ह्यांच्यापासून साखर. तीस वर्षांच्या संसारात एवढं एकमत कधी झालं नव्हतं.

ह्यांना कळवू नकोस. रागावतील म्हणून नाही. हसण्यावारी नेतील आणि पुन्हा अर्धा कप टाकून उठतील.

तुझं भाषण माझ्यामुळे गेलं असेल तर मला क्षमा कर, पण आधी नीट जेवत जा.

तुझी,
वहिनी

२० फेब्रुवारी

ती. वहिनीस सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी प्रयोगशाळेच्या जिन्यात उभ्याने वाचलं आणि तिथेच पायरीवर बसले. वरून मोठ्या बाई येत होत्या. काय झालं म्हणाल्या, तर मला हसू आवरेना, म्हणून पत्रच त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते दोनदा वाचलं. अशी वहिनी प्रत्येक प्रयोगशाळेला असावी की नसावी हे ठरवता येत नाही, असं म्हणाल्या.

दादाची बाटली त्याआधीच तपासून झाली होती. त्यात साखर आणि पर्याय दोन्ही सापडले आणि आम्ही चक्रावलो होतो. पिंपच चुकीचं असतं तर नुसती साखर निघाली असती. मिसळलेलं कुठून आलं, हे तुझ्या पत्राने सुटलं. तरी समितीने नियमाप्रमाणे सीलबंद पुड्या फोडल्याच. सगळ्या बरोबर निघाल्या. माझ्या चिठ्ठ्या जागच्या जागी होत्या. काल मी इतकी झोपले की शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. सभेवाल्यांनी माझी वेळही परत दिली.

आता दुसरं. दादाचा आकडा एकशे ऐंशीच्या वर आहे, आणि महिनाअखेरीस डॉक्टर इंजेक्शन लिहून देणार आहेत. तो आकडा कितपत त्याच्या देहाचा आणि कितपत आपल्या डब्याचा, हे कुणालाच माहीत नाही. डॉक्टरांना खरं कळायला हवं आणि त्याआधी दादाला. आमच्या अभ्यासातल्या माणसांना काय मिळतंय ते आम्ही सांगत नाही हे खरं, पण त्यांनी त्यावर आधी सही केलेली असते. दादाने केलेली नाही.

मी सांगणार नाही. ते तू सांग, आणि गॅलरीत बसूनच सांग. नवा डबा पाठवते आहे. चहा गार लागतोच, त्याला माझ्याकडे इलाज नाही. थोडं आलं घालून बघ.

तुझ्या रागाला आणि लाडाला दोन्हीला पात्र असलेली,
मुंगी

२७ मार्च

चि. मुंगीस अ. उ. आ.

तुझं भाषण निर्विघ्न पार पडल्याचं कळलं. विज्ञानाच्या सरांना मी त्याचा सारांश तीनदा ऐकवला. आता ते मला पाहिलं की दुसऱ्या जिन्याने जातात. एका अभ्यासाने शेवटचा शब्द होत नाही, हे वाक्य तू शेवटी घातलंस हे मला सर्वांत आवडलं. आम्ही ग्रंथ संपवताना विद्वानांनी चूक पोटात घालावी म्हणतो, तशातलंच ते.

आता घरचं. तुझ्या वहिनीने गॅलरीत दोन कप ठेवले, एक साखरेचा, एक पर्यायाचा, आणि मला चाखून ओळखायला सांगितलं. मी ओळखले. मग ती म्हणाली की तीन महिने तुम्ही ज्याला रुळलात तो हा पर्यायाचा नव्हे, हा साखरेचा. मी विचारलं, का. तिने कारण सांगितलं. एवढ्या वर्षांत ती मला एखाद्या गोष्टीसाठी थांबवून ठेवेल असं मला वाटलं नव्हतं. मी तुला वाद घालताना माहीत आहे. त्या दिवशी वाद न घालता कप उचलला. पर्यायाचा कप पूर्ण प्यायलो. आल्याने बरा लागतो. आणि मग मीही तिला आकडा सांगितला, न खोकता.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी इंजेक्शन महिनाभर लांबवलं. काल पुन्हा रक्त दिलं, आज आकडा आला, एकशे अठ्ठावीस. डॉक्टर म्हणाले, गोळ्या आहेत तशा चालू ठेवा, इंजेक्शन नको. तुझी वहिनी दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना कुणाशी तरी भांडल्यासारखी भराभर चालत होती. खाली गेल्यावर दिसलं की ती डोळे पुसत होती. मीही इकडच्या तिकडच्या पाट्या वाचत उभा राहिलो. रिपोर्ट आता फ्रिजच्या दारावर लावला आहे. येणाऱ्याजाणाऱ्याने वाचावा.

तर सगळ्यांचं सगळं निस्तरलं आणि मी आनंदात आहे. तरी एक गोष्ट तुला लिहायची आहे, कारण ती समोर बोलता येत नाही. मला साखरेची भीती वाटत नाही. इंजेक्शनचीही नाही, त्याचीही सवय होईल. या खेपेला तुम्ही दोघींनी माझ्याबद्दल एकमेकींना पत्रं लिहिली आणि त्यातून चांगलंच निघालं. पण कधीतरी आकडा खरोखरच वाईट येईल, डब्यामुळे नव्हे, माझ्यामुळे. तेव्हा तुम्ही दोघी मायेपोटी ठरवाल की ह्यांना आत्ताच नको सांगायला. मग घरात सगळे माझ्याशी जपून बोलतील आणि मी एकटाच काही न कळता बसलेला असेन. मला त्याची भीती वाटते. तसं करू नका. जे असेल ते आधी मला सांगा.

एवढं मान्य केलंस की बाकीचा लोभ पोचला असं समजेन.

तुझा,
दादा