खुराड्याला शिवलेलं जाकीट

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे सध्या अर्धाच. उरलेला भेटल्यावर घालते.) तुझा खुबा आता कसा आहे? दादाच्या चौथ्या मजल्यावर अजून भिंत धरूनच चालतेस की काठीवर आलीस? वहिनी फार पथ्य करायला लावते म्हणून कुरकुरत होतीस, पण तिचं ऐक. आणि पुढचं काही वाचण्याआधी एवढं वाच : तुझ्या पाचही कोंबड्या जिवंत आहेत. आज सकाळी मी दोनदा मोजल्या, ह्यांनी एकदा मोजल्या, आकडा जुळला. आता चष्मा पुसून निवांत बस, कारण गेले दोन आठवडे मी तुला रोज फोनवर "मजेत आहेत गं" म्हणत होते, त्यातलं बरंचसं खोटं होतं.

कोंबड्या हवाली करताना तू एकच बजावलं होतंस, त्यांना वारा लागू देऊ नकोस. हे तू एका घड्याळजीच्या आणि कपडे शिवणाऱ्या बाईच्या घरात बोललीस, तिथेच घात झाला. आम्ही मागवलेलं तयार खुराडं खोक्यातून आलं. फळ्या, छप्पर, पिशवीभर स्क्रू आणि एक माहितीपत्रक. (त्यावर हसरी कोंबडी होती. तशी कोंबडी मला अजून प्रत्यक्षात भेटलेली नाही.) ह्यांनी ते एका दुपारी मागच्या अंगणात उभं केलं. मग छपराखाली दोन्ही बाजूंना जाळी लावलेल्या दोन-दोन बोटभर फटी दिसल्या. आता घड्याळजीचा सगळा जन्म धुळीशी वैर करण्यात गेलेला. फट म्हणजे कारखान्याचा गलथानपणा, असा निकाल देऊन ह्यांनी चारही फटी पुट्टीने बुजवल्या आणि वर पॉलिश पेपर मारला. मग मी तरी मागे का राहू? उरलेल्या अस्तराचं, आत कापूस भरून, मी खुराड्याला मापात जाकीट शिवलं. कडेला पायपिंग, दाराला चेन. खरं सांगते, पंधरा वर्षांत इतकं सुबक काम माझ्या हातून झालं नव्हतं. दोन गिऱ्हाइकांनी तर तसलंच पायपिंग मागितलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चेन उघडली तर आतल्या भिंतींना पाणी सुटलेलं आणि वास असा की डोळ्यांतून धार लागली. कोंबड्या गप्प. (तुझ्या कोंबड्या आणि गप्प!) अंडी बंद. हेडमास्तरीण, म्हणजे ती तुझी करड्या रंगाची, सगळ्यांवर नजर ठेवणारी, दांडीवर चोच उघडी टाकून धापा टाकत होती. आम्ही दोघांनी विचार करून निदान केलं की थंडी बाधली. (आपल्या घराण्यात कुठल्याही दुखण्याचं पहिलं निदान थंडी हेच. माझा पाय मुरगळला होता तेव्हाही तू मला आधी कानटोपी घातली होतीस.) म्हणून मी जाकिटाला कापसाचा आणखी एक थर दिला. दुसऱ्या दिवशी हेडमास्तरीण दांडीवरून खालीच उतरेना. मी आत येऊन मशीनवर बसले आणि एका ब्लाऊजची बाही गळ्याला जोडून मोकळी झाले. आई गेल्यावर सहा वर्षांच्या मला तू घरी नेलंस आणि वाढवलंस. मला महिनाभर पाच कोंबड्या सांभाळता येऊ नयेत? तू परत आल्यावर चारच तुझ्यापुढे कशा ठेवायच्या?

शेवटी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी खुराड्याभोवती एक फेरी मारली, पायपिंगवरून बोट फिरवलं आणि म्हणाल्या, "शिवलंय झकास. आता आत डोकं घाला, मी दार लोटते, शंभरपर्यंत मोजा." मी वाकून खांद्यापर्यंत आत गेले. तिसाला बाहेर आले, कंबर मात्र तशीच वाकलेली राहिली. बाई म्हणाल्या, "तुम्ही तिसाला पळालात. या रात्रभर मोजतात." मग त्यांनी समजावलं. बसल्या जागी अंगावर थेट वारा येऊ नये, हे आत्यांचं बरोबरच. पण यांचा श्वास, विष्ठेची वाफ, सगळं वर चढतं आणि त्याला डोक्याच्या वरून बाहेर जायला वाट लागते. तेवढी एकच वाट कारखान्याने ठेवली होती आणि ती तुम्ही घासूनपुसून बंद केलीत. हे पायातल्या चपलांकडे बघत उभे होते.

पण आत्या, तुझ्या जावयाला चूक कळली की तो चुकीच्याही वर जातो. ह्यांनी सगळ्यात बारीक पेचकसाने पुट्टी कणाकणाने काढली, समोरासमोर आणखी दोन फटी कापल्या, पाऊस आत येऊ नये म्हणून वर पत्र्याच्या झापा लावल्या. मी ओला भुसा काढून कोरडा पसरला आणि जाकीट उसवलं. (उसवताना रडले, कबूल आहे.) मग हवा कुठून कुठे जाते ते पाहायला हवं, म्हणून कोंबड्या बाहेर काढून ह्यांनी माझी एक चिंधी पेटवून विझवली आणि धुमसती आत धरली. धूर दांडीवरून सरळ वर गेला आणि फटींतून अगदी शहाण्यासारखा बाहेर पडला. तो शेजारच्या काकांना दिसला. काका अग्निशामक दलातून निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली, एवढ्या काळात आमच्या गल्लीत साधं दूधसुद्धा करपलेलं नाही. कुंपणावरून दोन बादल्या आल्या, दोन्ही ह्यांच्यावर. "घाबरू नका, आटोक्यात आहे!" असं काका कितीतरी वेळ ओरडत होते.

दुसऱ्या दिवशी मी भिंतीवरून हात फिरवला. कोरडी. वास नाही. हेडमास्तरीण चोच मिटून खाली उतरली, ह्यांच्या मनगटावर सणसणीत टोच मारली आणि बाहेर गेली. हे रक्त पुसत हसत होते. मी तिथेच भुशात बसले, आणि किती दिवसांनी पोटभर श्वास घेतला. काल तिसरं अंडं मिळालं.

दादाला आणि वहिनीला नमस्कार.

तुझी भाची

ता. क. मागच्या सोमवारी तू फोनवर हेडमास्तरणीचा आवाज ऐकव म्हणालीस आणि ऐकून सुखावलीस. तो आवाज ह्यांचा होता.

ता. क. दुसरा. खरं म्हणजे यासाठीच पत्र लिहायला बसले. एक कोंबडी माझ्याकडे ठेवू का? हेडमास्तरीणच ठेवावी म्हणते. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, एकटी कोंबडी झुरते, ठेवायच्या तर पाचही ठेवा. म्हणजे मग बरी होऊन घरी गेल्यावर तू तिथे अगदीच एकटी. तेही त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, "आत्यांचं मी काय सांगणार? मी फक्त जनावरं बघते." म्हणून तुलाच विचारते. येतेस का आमच्याकडे राहायला?