शाळा मापाला आली, त्याची हकीकत

ती. मामांस,

शिरसाष्टांग नमस्कार. (दुकानात आडवे व्हायला जागा नसल्याने स्टुलावर बसूनच केला आहे, पण मनातून पूर्ण आडवा आहे.) तुमचा गुडघा आता जिना चढू देतो का? मामींची दाढ काढली, की मामींना पाहून दाढेनेच माघार घेतली? कुत्रा अजून परक्या माणसांच्या पोटऱ्या धरतो, की वयाने जरा निवळला? आणि तुमच्या बाहेरच्या खोलीत चार माणसे टेकतील एवढी जागा अजून आहे ना? सहज विचारतो आहे. आई मजेत आहे. मीही मजेत आहे असे लिहिणार होतो. पण खोटेच लिहायचे तर शुद्धलेखन तरी कशाला सांभाळायचे, म्हणून खरे तेच लिहितो.

मी दहावीच्या पहिल्या पेपरहून घरी आलो तो पुन्हा शाळेकडे फिरकलो नाही आणि शाळेच्या मागच्या गल्लीत शिलाईच्या दुकानात काज-बटणाला लागलो, हे तुम्हाला ठाऊक आहे. पेपर फार अवघड होता, असे आई पाहुण्यांना सांगते. पेपर कसा होता ते मला अजून माहीत नाही. नाव आणि बैठक क्रमांक वळणदार अक्षरात लिहून मी समास आखायला घेतला. पट्टी केसभर सरकली, म्हणून खोडून पुन्हा आखला. मग वाटले, पहिल्या पानाला समास आणि बाकीची पाने उघडीबोडकी, हे काही बरे दिसत नाही. शेवटच्या पानाचा समास आखून मान वर केली, तर घंटा होऊन गेली होती. (उत्तरपत्रिका घेताना पर्यवेक्षक "वा!" म्हणाले. ते कौतुकच होते, असे मी अजूनही धरून चालतो.) शिलाईच्या धंद्यात मात्र याच स्वभावाचे चीज झाले. माझ्या हातचे काज कधी वाकडे जात नाही. उशीर होतो, पण वाकडे जात नाही.

असा मी सुखात असताना सरकारने साऱ्या देशासाठी नवे शिक्षण धोरण काढले. जो आठवीत आत आला तो दहावी पास होऊनच बाहेर पडला पाहिजे. मधल्या मध्ये कोणी सांडला असेल तर त्याला हुडकून, झटकून, परत आणून बसवायचे. ज्या शाळेचा एकही सांडलेला उरणार नाही, तिला नवी कोरी प्रयोगशाळा. आमच्या शाळेने कंबर कसली. एक जण ट्रक चालवत होता, त्याला पेट्रोल पंपावर गाठला. एकीचे लग्न होऊन तिला जुळे झाले होते, ती जुळ्यांसकट आली (जुळी मागच्या बाकावर असतात आणि वर्गात सर्वांत शांत तीच आहेत). असे करत सगळे जमा झाले आणि मी एकटा उरलो. मुख्याध्यापिकाबाईंच्या खिडकीतून आमचे दुकान समोरच दिसते. म्हणजे त्या रोज खुर्चीत बसल्या की समोर मी, आणि माझ्यामागे, त्यांच्या डोळ्यांना, काचेच्या कपाटांसकट ती प्रयोगशाळा.

सरळ येऊन विचारले असते तर मी घाबरून पळालो असतो, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून आधी गणिताचे सर आले, ते पँट शिवायच्या निमित्ताने. मालक त्यांच्या कमरेला टेप लावत होते आणि सर माझ्याकडे मान वळवून म्हणाले, "काय रे, खिडकीपाशी बसायचास तो तूच ना?" मालकांनी कंबर चुकून दोनदा मोजली. दुसऱ्या दिवशी विज्ञानाच्या बाई कोट घेऊन आल्या, मग इतिहासाचे सर उशांचे अभ्रे घेऊन, मग खेळाचे सर अख्ख्या संघाच्या चड्ड्या घेऊन. प्रत्येक जण माप देता देता शिक्षणाचे महत्त्व सांगे आणि आगाऊ पैसे ठेवून जाई. इकडे मालकांना घबाडच सापडले. त्यांनी मला कात्रीच्या टेबलामागे नेऊन बजावले, "हे बघ, हो म्हणू नकोस. 'नाही' तर मुळीच म्हणू नकोस. विचार करतो म्हण." मामा, मी महिनाभर विचार केला. तेवढ्या विचारात दुकानाला नवे मशीन आले. शेवटी मुख्याध्यापिकाबाई स्वतः आल्या आणि साऱ्या शाळेच्या पडद्यांची ऑर्डर देऊन माझ्याकडे नुसत्या बघत बसल्या. मालक मागून मला चिमटे काढत होते. (ते "विचार कर" असे चिमटे होते. आता मला त्यांचे चिमटे वेगवेगळे ओळखू येतात.)

पुढे असे झाले, की शिक्षक सगळे दुकानात म्हटल्यावर मुले शाळेत बसून करणार काय? तीही आली. दहावीचा वर्ग कापडाच्या ताग्यांवर बसला, नववी पायरीवर. विज्ञानाच्या बाईंनी आमच्या इस्त्रीवर वीज शिकवली. त्यात एका गिऱ्हाइकाची कॉलर गेली, पण मुलांना धडा समजला. कोणा गृहस्थांची पँट सैल करायची होती, ते चौकशीला म्हणून आत आले, तर गर्दीत त्यांचीही हजेरी लागली आणि चाचणी परीक्षा द्यावी लागली. त्यांना भूगोलात चांगले गुण पडले. आता ते पँटचे नावही काढत नाहीत, रोज डबा घेऊन येतात.

एवढ्यात धोरणाची अंमलबजावणी पाहायला वरून साहेब आले. शाळेत एकटा पहारेकरी. तो म्हणाला, "सगळे मापाला गेलेत, साहेब." साहेब तसेच दुकानाच्या दारात. मुख्याध्यापिकाबाईंचा चेहरा खडूसारखा झाला आणि माझ्या हातातली सुई थेट बोटात गेली. पण साहेबांनी ताग्यांवरची मुले पाहिली, जुळी पाहिली, डबेवाले गृहस्थ पाहिले आणि त्यांचे डोळेच भरून आले. "अहो, हेच! हेच तर धोरणात लिहिलंय! फक्त कुठं करायचं ते आम्हाला सुचत नव्हतं." मग त्यांनी मला जवळ बोलावून विचारले, "काय बाळ, बसणार ना परीक्षेला?" मालकांनी चिमटा काढला, पण दुकानभर माणसे माझ्या तोंडाकडे बघत होती, जुळीसुद्धा. माझ्या तोंडून "हो" गेले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मालकांनी वाजवल्या नाहीत. (साहेब जाताना कोटाचे अस्तर बदलायला टाकून गेले, तेव्हा वाजवल्या.)

आता खरे दुखणे सांगतो. मागच्या आठवड्यात माझी सराव परीक्षा घेतली. गणित मला येते, मामा. सरांनी तोंडी विचारले ते सगळे आले. पण कोरी उत्तरपत्रिका समोर आली आणि हात आपोआप पट्टीकडे गेला. पट्टी काढून घेतली, तर मी टेपने आखू लागलो. टेप काढून घेतला, तर पानाला घडी घालून समास पाडला. वेळ संपली तेव्हा सर्व पाने अत्यंत सुबक आणि अत्यंत रिकामी होती. गणिताच्या सरांनी ती पाहिली, आमच्याच दुकानात शिवलेल्या नव्या पँटमध्ये ते मटकन खाली बसले आणि शिवण गेली. मुख्याध्यापिकाबाई मात्र रागावल्या नाहीत. "याला माणूस पाहिजे," एवढेच म्हणाल्या. कसला माणूस ते त्यांना सांगता येईना. मला आले. मी सांगितले. कोण, ते खाली येईलच. परीक्षा पुढच्या महिन्यात आहे. मामींना नमस्कार, कुत्र्याला लांबून आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक भाचा
(काज-बटण विभाग)

ता. क. धोरणाची पुरवणी आली आहे. तीत वयाची अट काढली आहे. आई सांगते, की तुम्हीसुद्धा याच शाळेतून दहावीत सांडलात. तुम्ही म्हणे प्रश्नपत्रिका न वाचताच उत्तरे लिहायला घेतली, सगळ्यांच्या आधी पेपर ठेवला आणि पोहायला गेलात. मामा, तुमच्या घाईचा मला आजवर त्रासच झाला आहे (मागच्या वेळी तुम्ही माझी चप्पल घालून गेलात), पण आता तिची मला नितांत गरज आहे. तुम्ही शेजारच्या बाकावर बसून फडाफडा पाने उलटू लागलात, की निदान लाजेने तरी मी लिहायला लागेन. आणि मी शेजारी असेन, तर एखादा प्रश्न तुमच्याकडूनही वाचला जाईल. तेव्हा परीक्षेला बसावे, ही विनंती.

ता. क. २. विनंती म्हटले, पण अर्ज गेला आहे. अक्षर माझे आहे, त्यामुळे तो नाकारला जाण्याची भीती नाही. रविवारी मुख्याध्यापिकाबाई, गणिताचे सर आणि साहेब तुमच्याकडे येतील. डबेवाले गृहस्थही येतो म्हणतात. बाहेरची खोली आवरून ठेवावी, कुत्रा बांधावा. सवयीने ते कापड घेऊन येतील, गोंधळू नये. मालकांचा निरोप आहे, की लगेच हो म्हणू नका, विचार करतो म्हणा; वरच्या मजल्याचे पडदे अजून बाकी आहेत. माझा निरोप आहे, की त्यांचे ऐकू नका.

ता. क. ३. एक गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल, कारण तुम्ही पत्रही भराभर वाचत असणार. या पत्राला समास नाही. पहिल्या पानाला पट्टी लावली होती. मग तुम्ही शेजारी बसला आहात असे धरले आणि लिहीत सुटलो. आता पाकीट ताबडतोब चिकटवतो, नाहीतर आखत बसेन.