आधी मोजायचं, मग सरकवायचं

प्रिय दादा,

अक्षर मुद्दाम मोठं काढलंय. वहिनीकडून वाचून घेऊ नकोस, स्वतः वाच. तिच्या हाती दिलंस तर दुसऱ्याच पानावर चष्मा काढून ती कुणाची तरी बाजू घेईल, आणि मला आज कुणाचीच बाजू नकोय. फोन का केला नाही, म्हणशील. फोनवर तू "अगं, आधी ऐक तर" म्हणतोस आणि मी ऐकते. बावन्न वर्षांची झाले, लोक माझ्या जिभेला घाबरून रस्ता बदलतात, आणि तुझ्या चार शब्दांपुढे मी अजून गप्प बसते. कागदावर तुला मधे बोलता येत नाही. कुरिअरवाला म्हणालाय, गुरुवारी सकाळी तुझ्या हातात पडेल.

वाचनालयाच्या पूर्वेकडच्या भिंतीचा वरचा कोपरा छज्ज्यासकट भर दुपारी खाली आला, हे तुला ठाऊक आहे. खाली चार सायकली होत्या, माणूस नव्हता. त्या सायकलींचं काय झालं ते पाहून मी दोन दिवस त्या रस्त्याने गेले नाही. दोषी कोण हे शोधायला पाच जणांची समिती बसली आणि सोमवारच्या पहिल्याच, सगळ्यांना खुल्या बैठकीत, चहा यायच्या आत, दोषी सापडलासुद्धा: आपले किल्लीवाले काका. एकतीस वर्षं सकाळी दार उघडणारा आणि संध्याकाळी लावणारा हा एकच माणूस त्या इमारतीकडे रोज मान वर करून बघत आलाय, तेव्हा दोष त्याचाच असणार. भिंतीला तडा गेल्याचं त्यांनी वेळेवर कळवलं नाही, सबब त्यांना कामावरून काढायचं. काका उभे राहून म्हणाले, "साहेब, दोन वर्षांपूर्वी मी तुम्हाला अंगणात नेऊन बोटाने दाखवला होता तडा." वाचनालयाचे सचिव म्हणाले, "दोन वर्षांपूर्वी तडा नव्हताच." आणि त्यांनी फाइलमधून तेव्हाचाच एक फोटो काढून टेबलावर ठेवला. आपला फोटो, दादा. मागे आपल्या स्टुडिओचा शिक्का. भिंत कशी, तर नुकत्याच धुतलेल्या चादरीसारखी. "फोटो खोटं बोलत नाही," सचिव म्हणाले. याच सद्गृहस्थांनी ओळखपत्रावरच्या फोटोत आपल्याकडून डोक्यावर केस वाढवून घेतले होते, हे मी तिथेच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. मी त्या चादरीतच तडा शोधत बसले होते. काका माझ्याकडे बघत होते. रागाने बघत असते तर बरं झालं असतं. ते आशेने बघत होते.

तुला आठवतं, टिल्ट-शिफ्ट लेन्स तू पहिल्यांदा माझ्या हातात दिलीस तेव्हा मी म्हटलं होतं, हिची मान मोडलीय का? तू हसला नाहीस. साध्या लेन्सने उंच इमारत घ्यायची तर कॅमेरा वर करावा लागतो, आणि मग फोटोत इमारत मागे कलंडते, एखाद्या पाहुण्याने खुर्ची टेकून डुलकी काढावी तशी. ही लेन्स मात्र कॅमेरा सरळ ठेवून नुसती वर सरकते आणि इमारत ताठ राहते. पण तिची एक खोड असते. लेन्स सरकली की उजेड आत तिरका शिरतो, आणि कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर फसतं. आपला कॅमेरा तर असा भोळा, की लेन्स वर गेली की त्याला वाटतं अंधार पडला, आणि तो वाट्टेल तेवढा उजेड मागायला लागतो. म्हणून तुझा नियम: लेन्स शून्यावर, कॅमेरा मॅन्युअलवर, उजेड मोजायचा, आकडे पक्के करायचे, आणि मगच सरकवायचं. मधे ऊन बदललं तर लेन्स पुन्हा शून्यावर आणून पहिल्यापासून. एकदा मी कंटाळा केला, तर एका जिन्याच्या अकराच्या अकरा फ्रेम्स तू मला पुन्हा घ्यायला लावल्यास. मी स्टुलावर उभी, तू खाली घड्याळ बघत, आणि वर "ठेंगे, भिंतीला घाई नाहीये, तुलाच आहे" हे ऐकवत. त्या दिवशी मी तुला मनातल्या मनात काय काय म्हटलं ते या वयात लिहिणं बरं दिसत नाही.

शिकले मात्र असं की पुढे त्यावरच माझं पोट आणि तोंड दोन्ही चाललं. मासिकातल्या माझ्या सदरात मी एका बऱ्यापैकी फोटोग्राफरची भर बाजारात धुलाई केली होती, वाचली असशील. त्याने लेन्स सरकवून मग मोजलं होतं. मी लिहिलं, हे गृहस्थ आधी अंघोळ करतात आणि मग कपडे काढतात. लोक पोट धरून हसले. तो बिचारा अजून मला बघून दुसऱ्या फुटपाथला जातो. तेव्हा मला वाटलं, जाणाऱ्याला जाऊ दे, आपलं काय. आता वाटतं, त्याला गाठून हात जोडावेत.

कारण सोमवारी घरी येऊन मी मूळ चित्र उघडलं. उन्हातली भिंत पार जळलेली. नुसता पांढरा रंग, आत काही नाही, ओढून काढायलाही काही नाही. सांडलेला उजेड परत भरता येत नाही, हे मी दरवर्षी कार्यशाळेत पोरापोरींना सांगते. पण मूळ चित्र समितीकडच्या फोटोहून वर दोन बोटं जास्त आहे. ती दोन बोटं सचिवांनीच कापून मागितली होती, अल्बमच्या मापात बसावं म्हणून. खरंच अल्बमसाठी की आणखी कशासाठी, ते समितीने विचारावं. त्या दोन बोटांत छज्ज्याखालची सावली आहे, आणि दादा, उजेड जास्त झाल्यामुळे ती सावली लख्ख उघडलीय. तिथे तडा आहे. पेन्सिलने ओढल्यासारखा छज्ज्याखालून निघतो, खाली येतो, आणि ऊन सुरू होतं तिथे पांढऱ्यात बुडून जातो. ज्या चुकीने काकांना खोटं पाडलं, तिनेच ते खरं बोलत होते हे दाखवून ठेवलंय. मी ते चित्र बघत किती वेळ बसले कोण जाणे, समोरचा चहा गार झाला तरी कळलं नाही.

मग मी तुला फोन केला आणि एवढंच म्हटलं, वाचनालयाचा फोटो जळलाय. तू म्हणालास, "बरं. जेव आणि पड आता." मला वाटलं, म्हातारा झाला. मंगळवारी समितीच्या कारकुनाने तुझं निवेदन दाखवलं. सदर छायाचित्र मी स्वतः घेतले असून, दृष्टी अधू असल्याने एक्स्पोजरमध्ये चूक झाली, माझ्या बहिणीचा याच्याशी संबंध नाही. वा रे दादा! आयुष्यभर उजेड मोजलास, पण खोटं बोलायचं माप तुला कधी जमलं नाही. त्या तारखेला तू दवाखान्यात होतास. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन, पट्टी बांधलेली, आणि त्याच अवस्थेत तू म्हणे शहराच्या दुसऱ्या टोकाला ट्रायपॉड लावत होतास.

तुला तारीख आठवली, म्हणूनच तू हे केलंस, हे मला कळतं. मग पुढचंही ऐक, कारण ते मी तुला कधी सांगितलेलं नाही. मी त्या दिवशी सगळं नियमाने केलं होतं. मोजलं, आकडे पक्के केले, लेन्स वर सरकवली. ढग आला म्हणून थांबले. तेवढ्यात वहिनीचा फोन: डोळ्यातून रक्त येतंय, त्यांना परत आत घेतलंय. मी वर पाहिलं तर ऊन परत आलेलं, वेगळंच, पिवळं. नव्याने मोजायला हवं होतं. लेन्स खाली आणायला दहा सेकंद लागतात. मी नाही आणली. होती तशीच ठेवून मोजलं, बटण दाबलं आणि पळाले. काकांनीच रस्त्यात आडवं उभं राहून माझ्यासाठी गाडी थांबवली आणि ट्रायपॉड उचलून ठेवला. ही चूक मी स्वतःला माफ करीन. पण आठवड्याने तू बरा होऊन घरी आलास, आणि मी तो फोटो नीट न बघता छापून दिला. पुन्हा जाऊन घेता आला असता. हिला माफी नाही, आणि हिचा तुझ्या डोळ्याशी काडीचाही संबंध नाही. तेव्हा अपराधी वाटून घ्यायची सोय मी तुला ठेवलेली नाही.

तू म्हणशील, मी निवृत्त माणूस, माझं काय जातं? तुझा स्टुडिओ आहे, तुझं सदर आहे, लोक तुला फाडून खातील. खाऊ देत. मी बरीच वर्षं लोकांना खाल्लंय, थोडी पाळी त्यांचीही. पण तुझ्या खोट्याने काका वाचत नाहीत, हे तुझ्या लक्षात आलं नाही. तुझं खोटं टिकवायचं तर मूळ चित्र लपवायला हवं, कारण त्यावर तारीख आहे. आणि मूळ चित्र लपवलं तर तडाही लपला. मग तू थोर भाऊ, मी निष्कलंक बहीण, आणि एकतीस वर्षं किल्ल्या सांभाळणारा माणूस घरी. असली थोरवी आपल्या घरात नको. म्हणून आज सकाळी मी मूळ चित्र, तारखेसकट, पाचही सभासदांना पाठवून दिलंय. शुक्रवारी अकरा वाजता समितीच्या पुढच्या बैठकीत मी उभी राहून सांगणार आहे की हे मी घेतलं, मी चुकले, आणि तडा इथे आहे. हे पत्र तुझी परवानगी मागायला नाही. ते तू तुझं निवेदन गुरुवारी संध्याकाळच्या आत मागे घ्यावंस म्हणून आहे. दोन ओळी पुरतील, हवं तर वहिनीला लिहायला सांग. नाही घेतलंस, तर माझ्या बोलण्याची सुरुवात मी अशी करीन, की अध्यक्ष महाराज, माझा थोरला भाऊ धादांत खोटं बोलतोय. आणि दादा, आयुष्यात एकदा तरी हे वाक्य चारचौघांत म्हणायची माझी फार दिवसांची इच्छा आहे, तेव्हा ती संधी मला द्यायची की नाही, ते तू ठरव.

कुणाचंही न ऐकणारी, पण तुझीच,
ठेंगी