उघडणारी खिडकी

चिमणे,

तू गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. दुकान उघडायला जातोय. चहा झाकून ठेवलाय, गरम करून घे.

आई गेल्यावर मी पहिल्यांदाच बाहेरगावी लग्नाला जाणार, म्हणून तू फाइव्ह स्टार हॉटेल शोधलंस. "बाबा, एकदा तरी थाटात राहा," म्हणालीस. रागावू नकोस, पण मी ते घेतलं नाही. आई हॉटेलला फोन करायची तेव्हा स्टार विचारायची नाही, खोलीची खिडकी उघडते का, एवढंच विचारायची. काल मीही तेच विचारलं. तुझ्या हॉटेलातली बाई म्हणाली, "काका, काच पक्की असते, एसी आहे ना!" थ्री स्टारवाला मात्र मला फोनवर थांबवून वर गेला, खिडकी उघडून बघितली आणि मगच हो म्हणाला. तिथेच खोली घेतली.

त्याने विचारलं, "किती जण?" सवयीने तोंडून "दोघं" गेलं. चूक सांगायला पुन्हा फोन उचलला, पण एकटाच आहे असं सांगवेना.

तुला रजा मिळते का बघ. खिडकीकडची बाजू तुझी. आईचीही तीच असायची.

बाबा