नळाखाली रेझर

मामाजी, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज सकाळी दाढी करताना तुमची आठवण आली. आधी हेच सांगून टाकतो की रेझर मी अजूनही वाहत्या नळाखालीच धुतो. मला मिसरूड फुटायच्या आधीच माझे वडील गेले. दाढी मी माझी मी शिकलो, कापून घेत, गालावर वर्तमानपत्राचे कपटे चिकटवत. म्हणून माझी मतं पक्की आहेत. रेझर दाबायचा नाही, बेसिनवर ठोकायचा नाही, टॉवेलला तर पुसायचाच नाही. दोन हात फिरवले की धारेखाली धरायचा, म्हणजे पात्याखालचे केस निघून जातात. तुम्ही अख्खी दाढी एका वाटीभर पाण्यात उरकायचात. शेवटी वाटीत पाण्यापेक्षा केस जास्त, आणि ते सगळं तुम्ही अंगणातल्या पेरूला घालायचात. ते पेरू तुम्ही मला प्रेमानं कापून दिलेत. मी खाल्ले.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला सासरी, उमरेडला, तुमच्या अंगणातल्या नळावर मी दाढीला बसलो, तेव्हाच तुमचा जीव वरखाली झाला. पण जावयाला बोलणार कसं? माझ्याकडे पाठ करून तुम्ही आपल्या पोरीवर ओरडलात, "काहून वं, नळ कोनं चालू ठेवला? पानी फुकट येऊन राहिलं काय?" ती आतून म्हणाली, "बाबा, मी इथं चकल्या तळून राहिली, मले काय विचारता?" दुसऱ्या दिवशी माझ्यासाठी स्टुलावर टॉवेल आणि गरम पाण्यानं काठोकाठ भरलेली वाटी. मला वाटलं, काय हा मान! त्या पाण्यानं मी तोंड भिजवलं आणि रेझर धुवायला नळ सोडला. तुम्ही "जवाईबापू" म्हणून हसलात आणि बाहेर निघून गेलात. वर्षानुवर्षं हेच. माझ्या मेहुण्याला तुम्ही उठता-बसता झापायचात, आणि मला मात्र "बसा, जवाईबापू". मला त्या मेहुण्याचा हेवा वाटायचा.

पुढे तुमचा उजवा हात मोडला आणि तुम्ही नागपूरला आमच्याकडे आलात. मी तुम्हाला बेसिनसमोर बसवून फेस लावला. एक गाल झाला. नळ चालूच. आरशात तुमची नजर रेझरवर नव्हती, नळावर होती. गळ्यापाशी आलो तसं म्हणालो, "मामाजी, हलू नका." एक हात फिरवून रेझर धारेखाली धरला, आणि तुम्ही फुटलात.

"अबे, बंद कर ना तो नळ! केव्हाचा पाहून राहिलो! पानी तुह्या बापाचं हाय काय बे?"

बायको पिठाच्या हातांनी धावत आली. "बाबा! जावयाले असं म्हनते का कोनी?" तुमचा अर्धा पांढरा चेहरा पडला. "चुकलं, जवाईबापू. तोंडातून निघून गेलं." मी नळ बंद केला आणि दुसरा गाल तुमच्यासारखा वाटीभर पाण्यावर केला. नीट झाला नाही, पण केला.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, म्हणून सांगतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही पुन्हा "अबे" म्हणाल म्हणून मी नळ मुद्दाम पूर्ण सोडला. रेझर स्वच्छ होता, तरी धूत बसलो आणि आरशातून तुमच्याकडे पाहत राहिलो. तुम्ही डोळे घट्ट मिटून घेतलेत. "होऊ द्या, जवाईबापू," म्हणालात, "सावकाश होऊ द्या." टाकी रिकामी झाली, मामाजी, तरी तुमचं "जवाईबापू" काही सुटलं नाही.