मानवतची कुस्ती

येडबा,

तू जेवून झोपलास अन् तालमीचे उस्ताद आले. मानवतच्या कुस्तीला तुलाच न्यायचं म्हणले. मी म्हणलो, "त्याला ताप हाय." खोटंच बोललो. ते म्हणले, "मग मल्हारी, तू चल."

मी दोस्त सोडले, बायस्कोप सोडला, दिवे लागले की झोपतो. तू रोज संध्याकाळी हॉटेलात गप्पा हाणतोस, सगळा बाजार तुला हाका मारतो, दुपारी घटकाभर पडतोस अन् आखाड्यात मलाच चीत करतोस. लय जळतं रे.

पन हे लिहिल्याबिगर पाय निघंना. गाडी चारची हाय. पळत आलास तर गाठशील. तुला मेल्याला दमबी लागत न्हाई.

मल्हारीदादा